सगळ्यालाच ‘बॅड’ चिकटवू नका, इंग्लिशमधल्या या चुका टाळा

कोल्हापुरात राजारामपुरीत स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो, त्यामुळं हे रोज कानावर पडतंय आणि आता खरंच कंटाळा आलाय म्हणून लिहितोय. घरात हीच पोरं खोबरं खवट म्हणतात, भाकरी शिळी, दूध नासलं, पापड सादळला, भाजी आंबली, एक शब्द इकडचा तिकडं होत नाही. इंग्लिशमध्ये शिरली की सगळ्याचं एकच, बॅड! बॅड ब्रेड, बॅड ऑइल, बॅड मिल्क. अरे त्यांनी पण प्रत्येकाला वेगळा शब्द ठेवलाय की. ब्रेड स्टेल, तेल नाहीतर बटर रॅन्सिड, दूध साउर, अंडं रॉटन. (‘द मिल्क हॅज गॉन बॅड’ चालतंय, ते वेगळं.)

कुठल्या शब्दाबरोबर कुठला शब्द जातो ह्या ठरलेल्या जोडीला कोलोकेशन म्हणतात. जे. आर. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९५७ मध्ये लिहून ठेवलंय की शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा. पोरगं कुणाबरोबर कट्ट्यावर बसतंय त्यावरून घरचे त्याची पारख करतात, तसलाच प्रकार. म्हणजे नाऊन आधी बघायचा, मग ‘वाईट’ म्हणायला त्याला कुठला शब्द लागतो ते. आपली पोरं उलटं करतात, विशेषण पाठ करायचं आणि दिसेल त्याला लावायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘रॉंग’. मराठीत आपण ‘चुकीचा माल’ आणि ‘खराब माल’ कधीकधी एकाच दमात बोलून जातो, इंग्लिशमध्ये ते लई लांब लांब आहेत. माझा एक विद्यार्थी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कामाला, परदेशी गिऱ्हाइकांची मेल तोच बघायचा. एका लॉटमधल्या थोड्या कास्टिंगना (ओतीव भागांना) ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवा अडकून पडलेली भोकं, होते आणि ते माल गेल्यावर लक्षात आलं. पोरगं प्रामाणिक, लगेच मेल टाकली, ‘सम रॉंग कास्टिंग्ज वेअर सेंट’. त्याला म्हणायचं होतं खराब. समोरच्यानं वाचलं की दुसऱ्याच पार्टची कास्टिंग खोक्यात भरलीत. झालं, तिकडं अख्खा लॉट बाजूला ठेवला, मशिनिंग बंद, पार्ट नंबर मागितले, ड्रॉइंग नंबर मागितले, फोटो मागितले. ह्यानं फोटो पाठवले, त्यात पार्ट नंबर एकदम बरोबर! आता गिऱ्हाईक म्हणतंय, मग रॉंग काय आहे? ह्यानं वरून अजून एक मेल हाणली, ‘वी विल सेंड करेक्ट कास्टिंग्ज’. म्हणजे समोरच्याची खात्रीच पटली. शेवटी मालकांनी रात्री फोन लावून ब्लोहोल म्हणजे काय ते सांगितलं तेव्हा गाडी रुळावर आली. एक शब्द हवा होता, ‘डिफेक्टिव्ह’.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे काही नाही. शब्द लावायच्या आधी त्याचा उलटा शब्द लावून बघायचा. रॉंगचा उलटा करेक्ट. तुमची कास्टिंग करेक्ट आहेच, फक्त भोकं पडलीत, मग रॉंग कसली? रॉंग नंबर, रॉंग अॅड्रेस, रॉंग साइड, इथं दुसरीकडं कुठंतरी ‘बरोबर’वाला असतोय. सवयीला मात्र रॉंग लावू नका, हॅबिट बॅडच असते.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे रील. ‘बॅड म्हणू नका, हे दहा शब्द वापरा.’ पोरं दहा शब्द घोकून येतात आणि अर्जात लिहितात ‘माय हँडरायटिंग इज सिव्हिअर’. अक्षर वाईट आहे रे बाबा, त्याला दुखणं नाही लागलेलं. बॅड हा काही कमीपणाचा शब्द नाही. न्यूज, लक, मूड, ड्रीम, ब्रेथ, टेंपर, हेडेक, वेदर ह्यांना बॅडच लावा, बिनधास्त. न्यूजला पुअर लावून बघा, ऐकवतं का? पण क्वालिटी, आयसाइट, हायजीन, परफॉर्मन्स ह्यांची जोडी पुअरशी जमते. आंबा घाटात धुक्यात समोरची एसटी दिसत नाही तेव्हा विझिबिलिटी पुअर असते. बॅड क्वालिटी अगदी चूक नाही, कानाला मात्र पुअर बरं लागतं. आणि जरा जपून, ‘शी इज अ पुअर टीचर’ म्हणजे बाईंना शिकवता येत नाही, आणि नुसतं ‘पुअर टीचर!’ म्हणजे बिचाऱ्या बाई.

‘हेवी’चा तर नाद खुळा. महापुरावरचा निबंध दिला की प्रत्येक वहीत ‘हेवी फ्लड’. २०१९ ला पंचगंगा राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पार ५५ च्या वर गेली होती, ते लिहा की, पण हेवी झाला तो पाऊस. पूर सिव्हिअर. इथं पण उलटा शब्द लावा, पाऊस लाइट असतो, पूर लाइट असतो का? ट्रॅफिक हेवी-लाइट, दुखणं सिव्हिअर-माइल्ड, ताप मात्र हाय.

बाकीचं पटापट. नोट फेक, दात फॉल्स, आरोप पण फॉल्स. फॉल्स सीलिंग तर सगळ्यांना पाठ आहे. टायर फ्लॅट, बॅटरी डेड. चहा पातळ झाला तर वीक, थिन नाही. किंमत लो म्हणा, चीप तर वस्तू असते, आणि त्यात ‘हलकी’ असा वास येतोच.

हे सगळं ३० दिवसांत होत नाही, ज्यांना व्हायला हवंय त्यांनी दुसरा क्लास बघावा. माझ्याकडं वहीत डावीकडं नाऊन, उजवीकडं वाचताना भेटलेलं विशेषण, आणि पुढं त्याचा उलटा. नुसत्या विशेषणांची यादी आणली तर मी तपासत नाही.

आणि चप्पल लाइनमधल्या दुकानदार मंडळींना एक विनंती. परदेशी गिऱ्हाइकाला ‘नो डुप्लिकेट’ सांगता ना, त्याला वाटतंय तसलाच दुसरा जोड शिल्लक नाही. ‘नो फेक्स’ म्हणा.