जहाजावर जखमी झालात तर: भरपाईच्या दाव्याची तयारी

दावा किनाऱ्यावर उतरल्यावर लागतो, पण त्याचा पुरावा जहाजावरच तयार होतो किंवा कायमचा राहून जातो. म्हणून दुखणं किरकोळ वाटलं तरी तयारी त्याच दिवशी सुरू करा.

सगळ्यात आधी नोंद. कॅप्टनला किंवा औषधोपचार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला लगेच सांगा आणि लॉगबुक, उपचारांची वही व अपघात अहवाल या तिन्हींत काय लिहिलं गेलं ते स्वतः वाचा. ‘कंबर दुखते, गोळी दिली’ एवढंच लिहिलं असेल, तर पुढे कंपनीचा वकील हे मणक्याच्या झिजेचं जुनंच दुखणं ठरवणार. नोंद अशी हवी: ‘मागच्या डेकवर मूरिंगचा (जहाज धक्क्याला बांधायचा) दोर ओढताना पाय घसरला, कमरेत कळ आली, उजव्या पायाला मुंग्या येतात.’ वेळ, जागा, कोणतं काम चालू होतं, कुठे लागलं, कोणी पाहिलं, हे सगळं त्यात यायला हवं. जे घडलं तेच, पण पुरतं. मजकूर पटला नाही तर सहीच्या शेजारी तसं लिहा आणि कॅप्टनला वेगळं पत्र देऊन त्याची पोच घ्या. सगळ्या पानांचे फोटो काढून घरी पाठवून ठेवा. क्रू बदलला किंवा जहाज विकलं गेलं की ती पानं हाती लागत नाहीत. साक्षीदारांचे घरचे फोन नंबर घ्यायला तर बहुतेक जण विसरतातच.

उतरताना नोकरीच्या कराराची सही झालेली प्रत, युनियनचा सामूहिक करार, भरतीआधीच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, सीडीसी (खलाशाचं नोंदणी-पुस्तक), पगाराच्या स्लिपा, काम-विश्रांतीच्या तासांची नोंद आणि ज्या कामात लागलं त्याचं परमिट असेल तर तेही बरोबर असू द्या. भरतीच्या वेळी जुना आजार मुद्दाम लपवला असेल तर जहाजमालकाची जबाबदारी टळू शकते. वकिलाला ते पहिल्याच भेटीत सांगा.

आणखी एक फोटो हवाच: जहाजावर लावलेल्या आर्थिक हमीच्या प्रमाणपत्राचा. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार, म्हणजे एमएलसी 2006, याच्या 18 जानेवारी 2017 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास नोकरीच्या करारात ठरलेल्या भरपाईसाठी ही हमी बंधनकारक आहे. हमी देणारा बहुधा पी अँड आय क्लब, म्हणजे जहाजमालकांची विमा संस्था, असतो. त्याचं नाव-पत्ता याच कागदावर मिळतो आणि त्याच्याकडे थेट मागणी करता येते.

उपचार आणि पगार ही वेगळी मागणी. ती अपंगत्वाच्या रकमेत मिसळू देऊ नका. एमएलसी राष्ट्रीय कायद्याला जहाजमालकाची ही जबाबदारी मर्यादित करू देतं, पण दुखापतीच्या दिवसापासून 16 आठवड्यांच्या खाली नाही.

आता तारखा. चांगले दावे इथेच बुडतात. मुदती करारागणिक बदलतात, म्हणून आपला करार काढून त्या कॅलेंडरवर मांडा. त्या किती कडक असतात ते फिलिपाइन्सच्या खलाशांसाठीच्या प्रमाण (ठरलेल्या नमुन्याच्या) करारावरून कळेल. परतल्यावर 3 कामकाजी दिवसांत कंपनीच्या डॉक्टरकडे हजेरी लावावी लागते. ती चुकली तर हक्कच जाऊ शकतो. अंथरुणाला खिळलेल्याने तेवढ्याच वेळात भरती करणाऱ्या एजन्सीला लेखी कळवायचं असतं. अंतिम निष्कर्ष देण्यासाठी डॉक्टरला 120 दिवस असतात. आणखी उपचारांची खरोखर गरज असेल तर 240. आपल्या डॉक्टरचं मत वेगळं पडलं तर दोन्ही बाजूंच्या संमतीने तिसरा डॉक्टर नेमायचा आणि त्याचा निर्णय बंधनकारक असतो. तिसऱ्या डॉक्टरची मागणी लेखी केली नाही तर सहसा कंपनीच्या डॉक्टरचं मतच ग्राह्य धरलं जातं. मागणीला आपल्या डॉक्टरचा अहवाल जोडा. ‘पुन्हा जहाजावर जाऊ नये’ एवढ्याने भागत नाही. तपासणीत काय दिसलं, एमआरआय काय सांगतो, आपलं नेमकं कोणतं काम आता जमणार नाही आणि का, हे त्यात हवं. वजन उचलणं, शिडी चढणं, हुद्द्याप्रमाणे लिहून घ्या.

टक्केवारीवर नीट लक्ष द्या. आयबीएफच्या (खलाशांच्या युनियन आणि जहाज कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटी मंचाच्या) करारांत 50 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व ठरलं की पूर्ण रक्कम मिळते; 49 आणि 50 मधलं अंतर कागदावर एका टक्क्याचं, पैशात फार मोठं.

निष्कर्षाला उशीर होत असेल तर अंतरिम रक्कम मागा. हमीच्या नियमांत ती सोय आहे. करारातल्या रकमेपेक्षा कमी घ्यायला दबाव आणणं त्याच नियमांना धरून नाही. पैसे घेताना पुढे येणारी पावती ओळ न ओळ वाचा. ‘यापुढे कोणताही दावा नाही’ असं वाक्य असेल तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको. करारातली भरपाई घेतल्याने निष्काळजीपणाबद्दलचा कायदेशीर हक्क संपत नाही. मिळालेली रक्कम फक्त त्यातून वळती होऊ शकते.