फिस्टुला बंद पडायच्या आधीच ओळखायचा कसा

डायलिसिसवाल्यांचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून हातातली धमनी शिरेला जोडतात तो, बऱ्याचदा अचानक बंद पडल्यासारखा वाटतो, पण आधी कुठंतरी शीर अरुंद होत आलेली असते आणि त्याच्या खुणा हातावर दिसत असतात, बघणारं कुणीतरी पाहिजे. अरुंद असतानाच सापडलं तर फुग्यानं रुंद करता येतं, अँजिओप्लास्टी म्हणतात ती, आणि पूर्ण बंद पडला तर बऱ्याचदा गळ्यात नळी टाकायची वेळ येते. जत, आटपाडीकडनं मिरज-सांगलीला डायलिसिसला येणाऱ्या घरांनी तर हे शिकूनच घ्या, मधल्या दिवसांत हात बघायला टेक्निशियन जवळ नसतो.

रोज सकाळी ऑपरेशनच्या व्रणाजवळ, म्हणजे जोडावर, बोटं हलकी ठेवायची. चांगल्या फिस्टुल्यात सलग घरघर लागते, तिलाच थ्रिल म्हणतात, आणि शीर मऊ असते. घरघरीच्या जागी नुसते नाडीसारखे ठोके लागायला लागले, शीर टणक झाली, तर पुढं कुठंतरी अडलंय. द्राक्षबागेतला पाइप पुढं दाबला की मागं फुगतो ना, तसंच. उलट थ्रिल मंद आणि शीरही ढिली पडली असेल तर अडचण जोडाकडं असू शकते, मनगटाच्या फिस्टुल्यात तर जोडाजवळच अरुंद व्हायचं प्रमाण जास्त. हात कानाला लावून आवाजही ऐका, खोल आणि सलग आला तर बरं, शिट्टीसारखा बारीक किंवा तुटक यायला लागला तर सांगायला पाहिजे.

आणखी एक, आडवं पडून हात सरळ वर धरायचा. फुगलेली शीर बसली पाहिजे. एका जागेपर्यंत फुगलेलीच राहिली आणि तिथनं पुढं सपाट झाली तर त्या जागेवर संशय घ्या. ग्राफ्ट असेल तर ही परीक्षा चालत नाही, ती कृत्रिम नळी असते, बसत नाही.

आता डायलिसिसच्या दिवसाचं. माझ्या मते एक साधी वही सगळ्यात कामाची आहे, टेक्निशियनना विचारून दर वेळी पंप स्पीड, म्हणजे मशीन रक्त किती वेगानं ओढतंय ते, आणि व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त हातात परत जाताना मशीनवर दिसणारा दाब, लिहून ठेवायचं. एखाद्या दिवशी प्रेशर वाढलं म्हणून घाबरू नका, सुई नीट बसली नसली तरी वाढतं, पण तीच सुई, तोच स्पीड आणि आकडा प्रत्येक वेळी चढतच चाललाय तर डॉक्टरांना वही दाखवा. सुया काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतोय आणि ओळीनं दोन-तीन वेळा तसंच झालं, सुई टोचायला त्रास होतोय, गुठळ्या येतायत, पंप पूर्वीसारखा ओढत नाही, केटी/व्ही, म्हणजे डायलिसिसनं रक्त किती साफ झालं त्याचा आकडा, कारण नसताना 1.2 च्या खाली आलंय, हे सगळं त्याच वहीत. सगळा हात सुजला किंवा छातीवर शिरा दिसायला लागल्या तर अडथळा छातीतल्या मोठ्या शिरेत असू शकतो, विशेषतः आधी कधी गळ्याजवळ किंवा कॉलरबोनखाली नळी बसवली असेल तर.

डॉक्टर हात तपासून गरज वाटली तर डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह बघायची सोनोग्राफी, करतात. फिस्टुल्याचा फ्लो मिनिटाला 500 मिलीच्या खाली, ग्राफ्टचा 600 च्या खाली आला तर लक्ष द्यावं लागतं, तरी हाताला काही त्रास नसताना नुसत्या आकड्यावरनं लगेच फुगा घालायची घाई बरी नाही, अमेरिकेतल्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या 2019 च्या केडोकी मार्गदर्शक सूचनाही हाताच्या तपासणीलाच आधी धरतात.

फिस्टुल्याच्या हातावर बीपी घ्यायचं नाही, रक्त काढू द्यायचं नाही, घट्ट बांगड्या घड्याळ नको, त्या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही, उसाची मोळी किंवा द्राक्षाचे क्रेट तर अजिबात नको. बीपी फार पडलं तरी फिस्टुला गोठू शकतो, त्यामुळं बीपी पडलेल्या दिवशी घरी पोचल्यावर परत एकदा थ्रिल बघा.

आणि थ्रिल लागतच नसेल तर तेल चोळत बसू नका, शेकू नका, पुढच्या डायलिसिसच्या दिवसाची वाट तर मुळीच बघू नका, रात्र असली तरी लगेच सेंटरला फोन करून निघा. गुठळी काढता येते, पण जेवढा उशीर तेवढं अवघड, आणि जाताना ती वही बरोबर घ्या.