पांढऱ्या रानफुलांची ओळख : या चुका टाळा

पश्चिम घाटातील ज्या ठिकाणांना 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कासचे पठार आहे, आणि त्या कीर्तीमुळे रानफुले पाहायची ती पावसाळ्याच्या अखेरीसच, असे सातारकरांनाही वाटू लागले आहे. यवतेश्वराच्या घाटात मात्र फाल्गुन-चैत्रातही करवंदीच्या जाळ्या आणि कुसरीचे वेल पांढरे झालेले असतात. दोन्हींची फुले सुवासिक आणि पाने समोरासमोर असल्यामुळे नुसत्या रंगावासावरून नाव ठरवणारा हमखास फसतो. पाकळ्या मोजाव्यात : करवंदीला पाच, कुसरीला बहुधा सहा ते दहा. तरीही शंका उरली, तर पानाचा देठ मोडून पाहावा; करवंदीतून पांढरा चीक येतो, कुसरीतून येत नाही. चिकाचा हात डोळ्यांना लावू नये.

चीक दिसला म्हणजे ओळख पटली, असे समजणे ही त्याहून मोठी चूक होय, कारण चीक कुड्याच्या झाडांतूनही येतो, आणि काळा कुडा व पांढरा कुडा यांचा घोळ तिथूनच सुरू होतो. फूल पांढरे म्हणून काळ्या कुड्यालाच मी कित्येक दिवस पांढरा कुडा म्हणत असे. वास्तविक दोघांचीही फुले पांढरीच असतात. फूल हातात घेऊन त्याच्या तोंडाशी पाहावे. काळ्या कुड्यात तिथे बारीक झालर असते आणि मधून पुंकेसरांचा टोकदार सुळका बाहेर डोकावतो, तर पांढऱ्या कुड्यात झालर नसते आणि पुंकेसर नळीतच दडलेले असतात. शेंगा दोघांनाही जोडीने लागतात. काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. हा भेद किरकोळ नव्हे, कारण आयुर्वेदात अतिसारावर वापरतात ती साल पांढऱ्या कुड्याची, आणि तिच्यात काळ्याच्या सालीची भेसळ होते.

काटेरी गेळ्याच्या एकाच फांदीवर पांढरी आणि पिवळी फुले दिसली, तर दोन जाती समजू नयेत. ताजे फूल पांढरे असते व शिळे होताना पिवळे पडते.

घरी येऊन ओळख अडते ती बहुधा फोटोमुळे. भर दुपारच्या उन्हात पांढऱ्या पाकळ्या फटफटीत येतात आणि झालर दिसतच नाही, म्हणून फुलावर आपली सावली धरावी, मोबाइलच्या कॅमेऱ्यात फोटोचा उजेड (एक्स्पोजर) थोडा कमी करावा, आणि फुलाबरोबरच पानांची मांडणी, काटे व झाडावर राहिलेल्या गेल्या वर्षीच्या शेंगा यांचेही वेगळे फोटो घ्यावेत.