सायकलवर कॅमेरा कुठल्या बॅगेत न्यावा?

कॅमेरा मागच्या कॅरियरवर बांधू नका. खड्ड्याचा दणका चाकातून थेट कॅरियरवर येतो आणि सततच्या थरथरीने लेन्सचे बारीक स्क्रू सैल होतात. अंग हा दणका बराच शोषून घेतं, म्हणून कॅमेऱ्याची बॉडी आणि एक-दोन लेन्स पाठीवरच बऱ्या. ट्रायपॉड, चार्जर, कुलूप खुशाल कॅरियरवर जाऊ द्या.

सॅक १० ते १५ लिटरची पुरे, पण छातीचा आणि कमरेचा असे दोन्ही पट्टे हवेतच. कमरेचा पट्टा नसला की उभं राहून पेडल मारताना ती डावी-उजवीकडे झुलते. एका खांद्यावरची स्लिंग पुढे वाकताच घसरून पोटाखाली येते. काखेखालून जाणारा जोडपट्टा असेल तरच घ्या.

दुकानात सॅक भरून, हेल्मेट घालून, हँडल धरल्यासारखं वाका आणि मान वर करा. हेल्मेट मागे टेकलं तर सॅक उंच आहे.

पावसाळ्यात घाटात जाणार असाल तर नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका. ते पाठीकडची बाजू झाकत नाही, आणि घाम व पाणी तिथूनच आत मुरतं. कॅमेरा सॅकच्या आत, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत ठेवा.