आहार आणि गुण यांचा संबंध मोजताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबईच्या शाळा-महाविद्यालयांतून आहार सर्वेक्षणाचे प्रकल्प हौसेने केले जातात आणि ‘न्याहारी करणाऱ्या मुलांना अधिक गुण मिळतात’ अशा धर्तीचा निष्कर्ष काढून ते संपतात. निष्कर्ष खरा असेलही, पण तो ज्या आकड्यांवर उभा असतो ते बहुधा प्रश्नावलीतच बिघडलेले असतात, आणि पुढे कितीही चांगली संख्याशास्त्रीय पद्धत वापरली तरी ते दुरुस्त होत नाहीत.

‘तुम्ही नियमित पालेभाजी खाता का?’ या प्रश्नाला शिक्षकांसमोर कोणी नाही म्हणत नाही. त्याऐवजी काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय खाल्ले, हे क्रमाने विचारावे आणि तोच दिवस पुन्हा एकदा फिरून यावा. पहिल्या फेरीत सातवीतला मुलगा ‘चहा, पोळी-भाजी, वरण-भात’ एवढेच सांगतो. दुसऱ्या फेरीत चहाबरोबर काय होते, डब्यातली पोळी कोणी खाल्ली, क्लासला जाताना कुठे थांबलास, असे विचारले की दोन खाऱ्या, मित्राच्या डब्यातला अर्धा डोसा आणि स्टेशनबाहेरचा वडापाव बाहेर येतो, आणि स्वतःची एक पोळी डब्यात तशीच परत आल्याचेही कळते. साधारण आठ वर्षांखालील मुलांना असे आठवून सांगणे जमत नाही, तेव्हा मोठ्यांना विचारावे लागते. मात्र आई सकाळच्या लोकलने कामावर जात असेल तर ज्या आजीने ताट वाढले, तिलाच विचारणे योग्य.

प्रमाणाचा घोळ याहून मोठा आहे. प्रत्येक घरची वाटी वेगळी असल्याने ‘दोन वाट्या आमटी’ या उत्तराला अर्थ नसतो. त्या घरची वाटी पाण्याने भरून ते पाणी मापाच्या भांड्यात ओतून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. तेल किती चमचे, हे स्वयंपाक करणाऱ्यालाही सांगता येत नाही, म्हणून महिन्याला किती तेल येते आणि किती माणसे जेवतात, हे विचारावे. बाहेरचे फरसाण आणि तळण त्यात येत नाही, याची नोंद मात्र ठेवावी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांत ५२८ पदार्थ आहेत, पण तांदळाची आकडेवारी कच्च्या तांदळाची आहे. १०० ग्रॅम तांदळातून सुमारे ३५० किलोकॅलरी मिळतात आणि शिजल्यावर त्याचा भात अडीच ते तीन पट भरतो. भाताच्या वजनाला तांदळाचा आकडा लावला की ऊर्जा तेवढ्याच पटीने फुगते.

एका दिवसाच्या नोंदीवरून गटाची सरासरी काढता येते, एखाद्या मुलाची सवय ठरवता येत नाही. रविवारचे मटण आणि संकष्टीची साबुदाण्याची खिचडी एकाच ताटाचा नमुना म्हणून चालत नाहीत. लागून न आलेले किमान दोन दिवस घ्यावेत आणि त्यांत एक सुट्टीचा असावा. ऋतूचाही विचार हवा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पाठोपाठ अनेक घरांत श्रावण पाळला जातो. नेमक्या त्याच काळात दिवाळे किंवा सारसोळ्याच्या कोळीवाड्यात फिरून ‘मासे कमी खाल्ले जातात’ असे लिहिणे हास्यास्पद ठरेल. परदेशी प्रश्नावली उचलली असेल तर तिच्यात ओट्स असतात. सुकट, सोडे आणि तांदळाची भाकरी नसते, आणि पावसाळ्यात या घरांची प्रथिने बरीचशी सुक्या मासळीतूनच येतात.

वजनाबाबत एवढेच, की प्रौढांचे बीएमआयचे (उंचीच्या तुलनेत वजन सांगणाऱ्या निर्देशांकाचे) टप्पे शाळकरी मुलांना लावू नयेत. त्यांच्यासाठी वय आणि लिंगानुसार वाढीचे तक्ते आहेत.

आता गुण. घोडबंदर रोडच्या संकुलातला, न्याहारी करून निघणारा मुलगा आणि वागळे इस्टेटच्या चाळीतला, उपाशी निघणारा मुलगा यांच्यात फरक केवळ न्याहारीचा नसतो. अभ्यासाची जागा, क्लासची फी, झोप आणि पालकांचे शिक्षण हे सारे त्यात मिसळलेले असते. म्हणून उत्पन्न, शिक्षण आणि झोपेची माहिती आहाराबरोबरच घ्यावी आणि तुलना सारख्या परिस्थितीतील मुलांमध्ये करावी. वेगवेगळ्या शाळांचे आणि मंडळांचे टक्केही एका रकान्यात टाकू नयेत. कारण आणि परिणाम यांच्यातील बाणाची दिशा उलटी असण्याचीही शक्यता असते, कारण अभ्यासाच्या धास्तीने सकाळी घास न उतरणारी मुले कमी नाहीत.

माहिती गोळा झाल्यावर संबंध दिसला नाही, तर ‘संबंध नाही’ असे लगेच लिहू नये, कारण मोजमापातील यादृच्छिक, म्हणजे कधी जास्त तर कधी कमी अशा, चुका खरा संबंधही पुसट करतात. सर्वप्रथम नोंदलेल्या आहाराची ऊर्जा तपासावी. ती एखाद्याच्या शरीराला नुसत्या विश्रांतीत लागणाऱ्या ऊर्जेपेक्षाही कमी असेल आणि तो दिवस उपासाचा किंवा आजारपणाचा नसेल, तर खाणे सांगायचे राहिले आहे. मात्र अशा नोंदी सरसकट वगळू नयेत. स्थूल व्यक्ती खाणे अधिक प्रमाणात कमी सांगतात, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि त्यांनाच गाळले की नमुना एका बाजूला कलतो. विश्लेषण त्या नोंदींसह आणि त्यांच्याविना असे दोनदा करून दोन्ही निकाल अहवालात द्यावेत.