डे-लिलीवरील कीड आणि रोग: कोल्हापूरच्या हवेत घ्यावयाची काळजी

डे-लिलीचे प्रत्येक फूल एकाच दिवसाचे असते. त्यामुळे कोमेजलेले फूल किंवा बहर सरल्यावर पिवळी पडणारी खालची पाने पाहून औषध आणायला धावू नये. आधी पान उलटून पाहावे. तांबेरा ही बुरशी आहे आणि कोळी (पानांतील रस शोषणारा अतिसूक्ष्म जीव, माइट) हा कीटक नव्हे, म्हणून दुकानातून आणलेले सर्वसाधारण कीटकनाशक या दोहोंवर बहुधा वाया जाते.

कोल्हापुरात जूनपासून पाने तासन्‌तास ओली राहतात आणि हवाही फार थंड नसते, ही स्थिती तांबेऱ्याला नेमकी मानवते. पानाच्या मागील बाजूस बारीक नारिंगी पुळ्या दिसल्यास पांढऱ्या कापडाने पान पुसावे. कापडाला हळदीसारखी पूड लागली तर तो तांबेरा समजावा. काहीच लागले नाही आणि टोकाकडून मधल्या शिरेवरून पिवळा, तपकिरी होत जाणारा पट्टा उतरलेला असेल, तर तो करपा होय. तांबेरा आढळताच पाने जमिनीपासून चार बोटे उंचीवर कापून पिशवीत बांधून टाकावीत, कंपोस्टच्या खड्ड्यात मुळीच घालू नयेत. डे-लिली ही छाटणी सहज सोसते, त्यामुळे येथे हात आखडता घेऊ नये. नव्या पालवीवर उघडीप मिळताच मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरमागे 2 ते 2.5 ग्रॅम या प्रमाणात फवारावे. हा रोग पुष्कळदा नव्या रोपाबरोबरच बागेत येतो, म्हणून रोपवाटिकेतून आणलेले रोप काही आठवडे वेगळे ठेवावे.

पंचगंगेकाठच्या काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत बुंधा कुजतो. मधली पाने हलक्या हाताने ओढताच सुटून आली आणि त्यांना कुबट वास आला, तर गड्डा उपटून धुवावा, पांढरा निरोगी भाग लागेपर्यंत सडका भाग कापावा आणि सावलीत एक-दोन दिवस सुकवून उंच वाफ्यावर पुन्हा लावावा. बुंधा मातीत खोल पुरू नये.

उन्हाळ्यात पाने फिकट, ठिपकेदार दिसू लागली की त्यांखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले, तर ते कोळी. सकाळी पानांच्या मागे पाण्याचा जोरदार फवारा काही दिवस लागोपाठ मारल्याने ते बरेच आटोक्यात येतात. न भागल्यास लिटरमागे 5 मिली निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात मिसळून सायंकाळी फवारावे. भर उन्हात फवारल्यास पाने भाजतात. हाच उपाय माव्यावरही चालतो, मात्र ढालकिडे (लेडीबर्ड) आणि त्यांच्या अळ्या मावा खाताना दिसत असतील तर फवारणी टाळणेच शहाणपणाचे आहे. फुलांवर पांढुरके ओरखडे उमटले असतील तर ते फुलकिड्यांचे काम असते. ते कळ्या-फुलांत दडतात, म्हणून सुकलेली फुले रोज खुडावीत.

पावसाळ्यात गोगलगायी रात्री कोवळी पाने कुरतडतात. त्या हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ मात्र वाफ्यात पसरू नये, कारण त्याने मुळांना इजा होते.