प्रक्रिया-दस्तऐवजांच्या संकेतस्थळाचे नेव्हिगेशन: या चुका टाळा

कामाच्या पद्धती लिहून काढण्यात काही महिने जातात, त्यांचे संकेतस्थळ प्रकाशित होते, आणि पुढे लक्षात येते की ते कोणी उघडतच नाही. ज्याला अडचण येते तो शेजारच्या टेबलापाशी जाऊन विचारतो. अशा वेळी दोष मजकुराला किंवा लोकांच्या आळसाला दिला जातो. माझा अनुभव असा आहे की मजकूर बहुतेक वेळा चांगला असतो, पण तिथवर नेणारी वाट चुकीची आखलेली असते. पुढचे विवेचन एक्लिप्स प्रोसेस फ्रेमवर्क कंपोजर, म्हणजेच ईपीएफ कंपोजर, या मुक्त स्रोत साधनाला समोर ठेवून केले आहे, कारण त्यात लिहिण्याची रचना आणि वाचण्याची रचना या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या ठेवलेल्या आहेत. विकीवर किंवा अन्य एखाद्या साधनात प्रक्रिया प्रकाशित करणाऱ्यांनाही यातल्या बहुतेक चुका ओळखीच्या वाटतील.

लेखकाचे कपाट वाचकापुढे मांडणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच आहे. ईपीएफमध्ये मजकूर प्लगइनमध्ये, म्हणजे मजकुराच्या मोठ्या गठ्ठ्यांत, असतो, प्लगइनमध्ये पॅकेजेस असतात, आणि पॅकेजमध्ये भूमिका, टास्क (करायचे काम), वर्क प्रॉडक्ट (कामातून तयार होणारी वस्तू किंवा दस्तऐवज) आणि मार्गदर्शन असे प्रकार पाडलेले असतात. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ही विभागणी उत्तम आहे, कारण एकाच भूमिकेचे वर्णन एकदाच लिहून दहा प्रक्रियांत वापरता येते. पण हीच विभागणी संकेतस्थळाच्या डाव्या बाजूच्या झाडात, म्हणजे शाखांच्या यादीत, जशीच्या तशी उतरवली, की वाचकाला स्वतःचा प्रश्न विसरून आधी लेखकाची वर्गवारी शिकावी लागते.

एकदा मी नव्याने रुजू झालेल्या एका टेस्टरच्या शेजारी बसून ती आमचे संकेतस्थळ कसे वापरते हे पाहत होतो. संध्याकाळ झाली होती, ग्राहकाकडे चालू असलेल्या प्रणालीत तातडीची दुरुस्ती पाठवायची होती, आणि तिला एवढेच हवे होते की मंजुरी कोणाची घ्यायची. समोर चार शाखा होत्या: भूमिका, टास्क, वर्क प्रॉडक्ट, मार्गदर्शन. तिने भूमिका उघडली, तिथे चौदा नावे दिसली, ती बंद केली. टास्क उघडले, तिथली यादी अकारविल्हे होती. मग तिने शांतपणे विचारले, "सर, मंजुरी ही भूमिका आहे की टास्क?" त्या प्रश्नाचे बरोबर उत्तर माझ्याकडे होते, पण तिला तो प्रश्न पडावा यातच आमची चूक होती. मंजुरी कोणी द्यायची हे तातडीच्या दुरुस्तीच्या टास्कच्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात नीट लिहिलेले होते.

यावर उपाय साधनातच आहे. कस्टम कॅटेगरी, म्हणजे आपण स्वतः ठरवलेले गट, तयार करायच्या, एकीच्या आत दुसरी अशा रचायच्या, त्यांत कोणत्याही प्लगइनमधला घटक हव्या त्या ठिकाणी जोडायचा, आणि मग कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे काय प्रकाशित करायचे त्या निवडीच्या, 'व्ह्यूज' या टॅबमध्ये सर्वांत वरची कॅटेगरी नेव्हिगेशन व्ह्यू म्हणून नेमायची; प्रकाशित स्थळावर असा प्रत्येक व्ह्यू एका टॅबवरचे झाड म्हणून दिसतो. एकच टास्क दोन शाखांत दिसला तरी मूळ मजकूर एकच राहतो, त्यामुळे 'तातडीची दुरुस्ती पाठवणे' ही शाखा करून तिच्याखाली संबंधित टास्क, मंजुरी देणारी भूमिका, भरायचा नमुना आणि तपासणीची यादी असे सगळे एकत्र ठेवता येते. या कॅटेगरी मजकुराच्या प्लगइनमध्ये न ठेवता स्वतंत्र प्लगइनमध्ये ठेवाव्यात, असा माझा आग्रह आहे. ओपनअप ही सॉफ्टवेअर विकासाची प्रक्रिया ज्या ईपीएफ लायब्ररीत आहे तिथेही प्रकाशनाचे प्लगइन वेगळे ठेवलेले असून त्यांची नावे 'पब्लिश' या शब्दाने सुरू होतात. त्यामुळे झाडाची फेररचना करताना मूळ मजकुराला हात लावावा लागत नाही.

शाखा ठरवण्यापूर्वी मात्र साधन उघडू नये. आधी काम करणाऱ्यांकडून त्यांचे खरे प्रश्न त्यांच्याच शब्दांत गोळा करावेत आणि झाडाचा आराखडा एखाद्या साध्या स्प्रेडशीटवर मांडावा. मग तो छापून पाच-सहा जणांपुढे ठेवावा, त्यांना एकेक प्रश्न द्यावा आणि कोणत्या शाखेकडे बोट जाते ते पाहावे. प्रश्न विचारताना शाखेच्या नावातला शब्द वापरू नये, नाहीतर ती केवळ शब्द जुळवण्याची परीक्षा होते. दोघांनी एकाच चुकीच्या ठिकाणी शोधले, तर ते ठिकाण चुकीचे नाही असे मानून तिथेही तो घटक जोडावा.

सात नोंदींचा नियम

मेन्यूत सातापेक्षा जास्त नोंदी नसाव्यात, असे अजूनही ठामपणे सांगितले जाते. त्याचे मूळ जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाच्या 1956 मधील निबंधात आहे, पण तो निबंध माणूस एका वेळी किती गोष्टी मनात धरू शकतो याविषयी आहे. मेन्यू डोळ्यांसमोर असतो, तो लक्षात ठेवावा लागत नाही. या नियमापायी बारा स्पष्ट नोंदी सात धूसर गटांत कोंबल्या जातात, 'इतर' आणि 'सामान्य' अशी नावे जन्माला येतात आणि झाड पाच पातळ्या खोल जाते. वाचक प्रत्येक पातळीवर एक अंदाज बांधत असतो, आणि एक अंदाज चुकला की त्याला मागे फिरावे लागते. म्हणून रुंद आणि उथळ झाड, ज्यात प्रत्येक नाव वाचताक्षणी कळते, ते मी नेहमी पसंत करतो.

नावे कार्यालयाच्या भाषेत देणे

ईपीएफमध्ये प्रत्येक घटकाला दोन नावे असतात: एक अंतर्गत नाव आणि एक वाचकाला दिसणारे, ज्याला प्रेझेंटेशन नेम म्हणतात. घाईत दुसरे नाव पहिल्यासारखेच राहते, आणि मग झाडात संक्षेप, आवृत्तीचे आकडे आणि विभागांचे सांकेतिक क्रमांक दिसू लागतात. दिसणारे नाव क्रियेचे असावे. 'बदल व्यवस्थापन' यापेक्षा 'बदलाची विनंती नोंदवणे' हे नाव लांब असले तरी कमी श्रमात कळते.

शाखा आहे, पण पान सापडत नाही

प्रकाशनानंतर येणाऱ्या तक्रारींपैकी ही सर्वांत फसवी आहे. संपादन करताना कॅटेगरीत सगळे घटक दिसत होते आणि प्रकाशित स्थळावर मात्र दोन गायब झाले, असे घडले तर झाडात दुरुस्ती करत बसू नका. आधी कॉन्फिगरेशन तपासा. ज्या पॅकेजमध्ये तो घटक आहे ते कॉन्फिगरेशनमध्ये निवडलेले नसेल, तर घटक कॅटेगरीला जोडलेला असूनही प्रकाशित होत नाही. प्रकाशनाच्या वेळी तुटलेले दुवे साध्या मजकुरात बदलण्याचा एक पर्याय मिळतो. अंतिम प्रकाशनाला तो सोयीचा असला तरी चाचणीच्या प्रकाशनात तो बंद ठेवावा, कारण तो चालू असेल तर गळालेल्या पानाकडे जाणारा दुवा निमूटपणे साधा शब्द होऊन बसतो आणि काही हरवले आहे हे कोणाच्या ध्यानातच येत नाही.

याच टप्प्यावर प्रथम दिसणारा व्ह्यू कोणता, हेही पाहावे. अनेक व्ह्यू असतील तर त्यांतील एक डिफॉल्ट म्हणून ठरवावा लागतो, आणि वाचक प्रथम तोच पाहतो. तिथे लेखापरीक्षकांसाठी केलेला, मानकाच्या कलमांनुसार लावलेला व्ह्यू ठेवण्याचा मोह अनेक गुणवत्ता विभागांना होतो. आयएसओ 9001 या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकाच्या 2015 च्या आवृत्तीत दस्तऐवजीकृत माहिती जिथे आणि जेव्हा लागेल तिथे व तेव्हा उपलब्ध आणि वापरण्याजोगी असावी, असे कलम 7.5.3 मध्ये सांगितले आहे. परीक्षकासाठी केलेली मांडणी रोजच्या वापरकर्त्याच्या वाटेत येत असेल तर त्या कलमाचाच हेतू बाजूला पडतो. कलमांचा व्ह्यू जरूर असावा, पण दुसऱ्या टॅबवर. व्ह्यूंची संख्याही दोन किंवा तीनपुरतीच ठेवावी, कारण साध्या एचटीएमएल पानांच्या स्वरूपात प्रकाशित केलेल्या स्थळामागे सर्व्हरवरचा शोध नसतो, आणि कोणत्या टॅबवर शोधायचे हाच मग नवा प्रश्न होतो.

पत्ते बदलणे

झाडाची फेररचना आणि घटकांचे स्थलांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ईपीएफने प्रकाशित केलेल्या पानाच्या पत्त्यात प्लगइनचे नाव, घटकाचा प्रकार आणि त्याचे अंतर्गत नाव येते. कॅटेगरी कितीही हलवल्या तरी तो पत्ता तसाच राहतो, पण घटक दुसऱ्या प्लगइनमध्ये नेला किंवा त्याचे अंतर्गत नाव 'सुधारले' की पत्ता बदलतो आणि लोकांनी ईमेलमध्ये, तिकिटांमध्ये, प्रशिक्षणाच्या स्लाइडमध्ये जपून ठेवलेले दुवे एका रात्रीत मरतात. त्यामुळे नाव बदलायचे असेल तर प्रेझेंटेशन नेम बदलावे आणि अंतर्गत नावाला हात लावू नये. स्थलांतर टाळणे शक्यच नसेल, तर जुन्या पत्त्यांची यादी आधी काढून वेब सर्व्हरवर प्रत्येकासाठी 301 प्रकारचे, म्हणजे जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचे नेणारे, पुनर्निर्देशन लावावे, आणि नवी आवृत्ती जुन्या फोल्डरवर चढवण्यापूर्वी त्या यादीतला प्रत्येक दुवा एकदा हाताने उघडून पाहावा.